डिझेलचा निवाडा कामावरून व्हावा

युरोपात २०११च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक मोटारी डिझेलच्या होत्या. २०२४मध्ये हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास उतरले. आपल्याकडे २०१२-१३मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांच्या घरात तफावत होती आणि तेव्हा निम्म्याहून जास्त प्रवासी मोटारी डिझेलच्या खपत होत्या. आता पाचांतली एक खपते की नाही अशी स्थिती आहे. ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले, तफावत घटली आणि केवळ स्वस्त इंधनासाठी डिझेल घेणारा ग्राहक निघून गेला. तो गेला हे चांगलेच झाले. पण त्यानंतर डिझेलविरुद्ध जे मत तयार झाले, त्यात हिशेब कमी आणि धसका जास्त आहे. वीस वर्षांपूर्वीच्या ट्रकमागून निघणारा काळा लोट आणि आजच्या मोटारीच्या सायलेन्सरमधून येणारी हवा या दोन्हींना एकच नाव आहे, म्हणून दोन्हींना एकच शिक्षा दिली जाते. लांबच्या, सलग आणि ओझ्याच्या कामासाठी आजचे डिझेल इंजिन हे अजूनही सर्वांत काटकसरी यंत्रांपैकी एक आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला काम कोणते दिले आहे आणि त्यातून प्रत्यक्षात बाहेर काय पडते, यावरून त्याचा निकाल लागायला हवा. इंधनाच्या नावावरून नाही. मोटारीच्या बाबतीत हे खरे आहेच, सहलीच्या आणि हौशी नौकानयनाच्या बोटींच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे.

आधी मूळ तत्त्व पाहू, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये जे इंजिन चालवून दाखवले, त्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे इंधनातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला येत होता. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मेही जमत नव्हते. त्याची युक्ती साधी होती. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटावा. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन बहुधा आधीच मिसळलेले असते. ते मिश्रण फार दाबले तर ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच आपोआप भडकते आणि इंजिन ठोकू लागते, त्यामुळे दाबाला मर्यादा पडते. डिझेलमध्ये नुसती हवाच दाबायची असल्याने ही अडचण नाही, आणि जितका दाब अधिक तितका उष्णतेतून मिळणारा कामाचा वाटा अधिक. दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर हवेच्या वाटेवरची झडप मिटत आणावी लागते. मग दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढण्यातच शक्ती घालवावी लागते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते. ताकद कमी-जास्त होते ती फक्त तेलाच्या मापाने. गाडी साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर नुसती सरकत असते, तेव्हा पेट्रोल इंजिन आपल्या उत्तम कामगिरीपासून फार खाली घसरलेले असते, डिझेल त्या मानाने कमी घसरते. चढावर पूर्ण ओझ्याने चालताना पुन्हा पेट्रोलचीच पंचाईत होते, कारण ठोकणे टाळण्यासाठी टर्बो पेट्रोल इंजिनाला ठिणगी उशिरा पाडावी लागते, कधी जास्तीचे इंधन टाकून सिलिंडर थंड ठेवावा लागतो. पेट्रोल इंजिनाला दोन्ही टोकांना त्रास आहे. डिझेलचा खर्च मात्र हलक्या कामापासून जड कामापर्यंत बऱ्यापैकी समान चालीने वाढतो.

या फायद्याची किंमत फुगवून सांगण्याची गरज नाही. डिझेलचे पाठीराखे 'ॲव्हरेज पंचवीस टक्के जास्त' म्हणतात, तेव्हा ते लिटरमध्ये मोजतात आणि तिथेच थोडी फसगत होते. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर डिझेलमधून २.६५ किलोच्या आसपास. ह्युंदाई क्रेटाच्या दीड लिटरच्या दोन इंजिनांचे उदाहरण घेऊ. कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज पेट्रोलला सतराच्या थोडे वर, डिझेलला एकविसाच्या वर. लिटरच्या हिशेबाने डिझेल पंचवीस टक्क्यांनी पुढे दिसते. पण कार्बनच्या हिशेबाने पेट्रोल गाडी किलोमीटरला १३२ ग्रॅम आणि डिझेल १२१-२२ ग्रॅम, म्हणजे फरक आठ टक्क्यांचा. आठ टक्के क्षुल्लक नाहीत, पण क्रांतीही नाही. डिझेलची बाजू मांडणाऱ्याने हा आकडा आधी स्वतः सांगितला पाहिजे. मात्र हा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरीव चक्रावरचा आहे, गाडीत दोन माणसांइतकेच वजन धरून काढलेला. सात माणसे, टपावर सामान आणि समोर आंबोली किंवा कुंभार्ली घाट असेल, तर फरक वाढत जातो, कारण तिथे टर्बो पेट्रोलला जास्तीचे इंधन ओतावे लागते. टॉर्कचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवतो. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००मध्ये डिझेल इंजिन ४५० न्यूटन-मीटरपर्यंत जोर देते आणि टर्बो पेट्रोल ३८०. गाडी चढवायला दोन्ही पुरेसे आहेत. प्रश्न जोर किती मिळतो हा उरलेला नाही. तो जोर सलग तासभर लावल्यावर टाकीतून काय जाते हा आहे.

इथे हायब्रिडचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचे पेट्रोल-हायब्रिड रूप लिटरला तेवीस किलोमीटरचा दावा करते. इतक्या मोठ्या डिझेल गाडीला ते साधत नाही. शहरात तर हायब्रिडच सरस, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती ते परत साठवते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते. हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण पुणे ते नागपूर असा सातशे किलोमीटरचा पल्ला एका दमात मारणाऱ्या गाडीला ब्रेकमधून परत मिळवण्यासारखे फारसे काही नसते. मागे ट्रेलर ओढायचा असेल, वाटेत कच्चे रस्ते असतील, तिथे लहान पेट्रोल इंजिन आणि बेताची बॅटरी या जोडीची खरी कसोटी लागते. विजेच्या गाडीचेही तेच. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर आपली वीज आज मुख्यतः कोळशावर बनत असूनही मी डिझेलची शिफारस करणार नाही.

आता धुराकडे येऊ, कारण खटला मुळात तिथलाच आहे. जून २०१२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. तो निर्णय योग्य होता आणि त्यामागचा पुरावाही भक्कम होता: खाणकामगार, रेल्वेतले कामगार, ट्रकचालक यांनी वर्षानुवर्षे छातीत भरून घेतलेला धूर. पण हा पुरावा गाळणी नसलेल्या, तेलात भरपूर गंधक असलेल्या काळातला होता. पुढे अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २००७च्या कडक नियमांना उतरणारी ट्रकची इंजिने घेतली आणि त्यांचा धूर उंदरांना जवळजवळ आयुष्यभर हुंगवला. २०१५मध्ये निष्कर्ष आले. त्या धुरामुळे फुफ्फुसात गाठी झाल्याचे आढळले नाही. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे होणारे सौम्य बदल दिसले आणि तेही अहवालात नोंदले गेले. म्हणजे विषाचा मोठा वाटा इंजिनाच्या तत्त्वात नव्हता, तो काजळीत आणि तिच्यावर चिकटून येणाऱ्या द्रव्यांत होता, आणि काजळी अडवता येते.

ती कशी अडवली जाते ते जवळून पाहण्यासारखे आहे. १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६मध्ये कॉमन रेल पद्धत पहिल्यांदा मोटारीत आली. सगळ्या सिलिंडरांसाठी एकाच जाड नळीत प्रचंड दाबाने तेल साठवून ठेवायचे आणि संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर उघडायचा. सुरुवातीला हा दाब तेराशे बारच्या आसपास होता, आता दोन हजारांच्या पुढे गेला आहे. इंजेक्टरच्या टोकाची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असताना एका सिलिंडरची पाळी दर साठ मिलिसेकंदांनी येते आणि त्यातल्या एखाद-दोन मिलिसेकंदांत तेल एका फटक्यात न सोडता तुकड्यातुकड्याने सोडले जाते: आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा, मग पुन्हा थोडे. आधीच्या चिमटीने जळण्याचा धक्का मऊ होतो, जुन्या डिझेलची ती खडखड जाते. फवारा इतका बारीक असतो की काजळी मुळातच कमी तयार होते. उरलेल्या काजळीसाठी गाळणी असते. मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची घरे, एकाआड एक तोंडे बुजवलेली, त्यामुळे धुराला भिंतीतूनच झिरपून पलीकडे जावे लागते आणि कण भिंतीवर अडकतात. २०००मध्ये प्यूजो ६०७ या गाडीत ही गाळणी आली. चांगल्या स्थितीतली गाळणी शंभरातले नव्याण्णव कण अडवते. तिची क्षमता इतकी की थेट इंजेक्शनची पेट्रोल इंजिने गाळणीविना याहून जास्त कण सोडत होती आणि युरोपला त्यांच्यासाठीही कणसंख्येची मर्यादा कडक करावी लागली. राहिली नायट्रोजनची ऑक्साइडे. त्यांच्यावर साडेबत्तीस टक्के युरियाचे पाणी फवारतात. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर ऑक्साइडांशी भिडून साधा नायट्रोजन आणि पाणी उरते. हे सगळे गंधक कमी असेल तरच टिकते. भारतात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आले, तेव्हा तेलातले गंधक दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर आणले गेले. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८०वर आली. बीएस-४च्या पेट्रोल गाडीला हीच ८०ची मर्यादा होती. ज्या पेट्रोल गाड्यांकडे आपण तेव्हा स्वच्छ म्हणून पाहत होतो, त्यांच्याच पातळीवर कायद्याने डिझेलला आणून बसवले.

यावर फोक्सवॅगनचे नाव घेतले जाणार आणि घ्यायलाच हवे. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या कंपनीला नोटीस दिली. गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे हे ओळखून तेवढ्यापुरती स्वच्छ चालणारी प्रणाली तिच्या संगणकात घातलेली होती. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्या अशा होत्या. पुण्याच्या 'एआरएआय' या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतातही कंपनीला तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ही लबाडी अक्षम्य होती. पण ती नेमकी कशाची होती हे विसरले गेले. धूर स्वच्छ करण्याचे तंत्र नव्हते असे झाले नाही. ते पूर्ण ताकदीने चालवले तर युरिया आणि इंधन जास्त लागते, भाग महाग पडतात, ग्राहकाला तसदी होते, म्हणून ते रस्त्यावर झोपवून ठेवले होते. उपायही त्यातच दडलेला होता: मोजमाप प्रयोगशाळेतून काढून रस्त्यावर आणायचे. युरोपने सप्टेंबर २०१७पासून नव्या मॉडेलांना डिकीवर मोजयंत्र बांधून रस्त्यावर चाचणी देणे सक्तीचे केले, भारतात या चाचणीतली मर्यादा १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. ज्या इंजिनावर सगळ्यांचा संशय होता, त्याची आज सर्वांत बारकाईने तपासणी होते. माझा विश्वास कंपन्यांवर नाही, या तपासणीवर आहे.

तरीही या यंत्रणेला काही अटी आहेत. गाळणीत साठलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते सलग वीसेक मिनिटे रस्त्यावर धावल्याशिवाय मिळत नाही. युरियालाही धूर तापलेला लागतो. रोज दोन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीत गाळणी तुंबते, दिवा लागतो, इंजिन ऑइल पातळ होते. अशा घराने डिझेल घेऊच नये. लहान गाड्यांतून डिझेल गेले त्याचेही मला दुःख नाही. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट, जे रांजणगावात बनत होते आणि मारुतीपासून टाटापर्यंत अनेकांच्या गाड्यांत बसले, ते उत्तम इंजिन होते. पण बीएस-६ची गाळणी आणि युरियाची साधने त्यावर चढवायची, तर हॅचबॅकच्या किमतीत ते बसत नव्हते आणि हॅचबॅकच्या कामाला त्याची गरजही नव्हती. २०२०मध्ये मारुतीने ते सोडले. हा निर्णय कामावरून झाला, म्हणून तो मला पटतो.

न पटणारी गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरायचा एकरकमी कर पेट्रोल मोटारीला किमतीच्या ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के आहे. गाडीतून किती काय निघते याच्याशी या दोन टक्क्यांचा संबंध नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्लीसाठी दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना जो प्रतिबंध केला, त्यातही मोजमाप नव्हते, वय आणि नाव होते. दुसरीकडे जिथे कडक व्हायला हवे तिथे आपण ढिले आहोत. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची तपासणी होते ती धुराच्या गडदपणावर. गाळणी फुटलेली किंवा कुणी मुद्दाम काढून टाकलेली असली, तरी बारीक कण डोळ्यांना आणि त्या यंत्राला दिसत नाहीत, गाडी पास होते. बेल्जियमने २०२२मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३मध्ये ठरावीक मुदतीच्या तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले, ते याचसाठी. आधुनिक डिझेलची सगळी पत त्या गाळणीवर उभी आहे. ती शाबूत आहे की नाही हे न तपासता डिझेलवर सरसकट जादा कर लावला, तर प्रामाणिक मालकाने भरायचे आणि गाळणी काढून फिरणाऱ्याने सुटायचे असा प्रकार होतो.

आता बोट. रस्त्यावरच्या गाडीला उतार असतो, सिग्नल असतो, क्लच दाबून सरकणे असते. पाण्यात यातले काही नाही. पंखा फिरतो तोवर पाणी त्याला अडवतच असते. बोटीचे इंजिन म्हणजे न संपणारा चढ, आणि सलग ओझ्याचे हे काम डिझेलच्या स्वभावाशी नेमके जुळते. वेगाने पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीला दोनशे अश्वशक्ती सलग लागत असतील, तर पेट्रोल इंजिन तासाला साठ-पासष्ट लिटर खाते आणि डिझेल चाळिसाच्या आत-बाहेर. मोटारीतला आठ टक्क्यांचा कार्बनचा फायदा इथे कितीतरी मोठा होतो, कारण बोटीच्या पेट्रोल इंजिनाला जवळजवळ सतत जड काम करावे लागते आणि त्यासाठी जास्तीचे इंधन टाकावे लागते.

त्याहून मोठी गोष्ट आगीची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खालच्या खाली वाऱ्यावर निघून जाते. बोटीचा तळ पाणी आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद असतो आणि नळीच्या एखाद्या सांध्यातून गळलेल्या पेट्रोलची वाफ तिथेच खाली साचून राहते. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडते. डिझेलला त्यासाठी साधारण पन्नास अंशांच्या पुढे तापावे लागते, त्यामुळे तळात सांडलेले डिझेल घाण करते, वास मारते, पण स्टार्टरच्या ठिणगीने उडत नाही. अमेरिकेत बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनासाठी इंजिनखान्यात हवा खेचणारा पंखा कायद्याने सक्तीचा आहे आणि चावी फिरवण्याआधी तो चार मिनिटे चालवा अशी सूचना चावीजवळ लावलेली असते. डिझेलला ही अट नाही. बोटीत त्याच तळाच्या फूटभर वर माणसे झोपतात, गॅसवर स्वयंपाक करतात, आणि पळून जायला जागा नसते. युरोपातल्या आत इंजिन असलेल्या शिडाच्या सहलीच्या नौका जवळजवळ झाडून डिझेलवर आहेत, याचे पहिले कारण हेच. यानमारच्या मागोकिची यामाओका यांनी १९३३मध्ये लहान आकाराचे डिझेल इंजिन व्यवहारात आणले नसते, तर इतक्या लहान बोटींना हे सुख मिळालेच नसते.

पल्ल्याचा हिशेब मांडला की विजेच्या इंजिनाचा आग्रह कुठे रास्त आणि कुठे नाही तेही कळते. पाण्याच्या रेषेवर दहा मीटर लांब असलेली शिडाची नौका घ्या. वजन सहा ते आठ टन. वारा पडला तर साडेपाच नॉटने चालायला तिला पंख्यापाशी सुमारे दहा किलोवॅट लागतात आणि डिझेल तासाला तीन लिटर. मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे एकेचाळीस तास, सव्वाशे लिटर, वजनाने शंभर किलोच्या थोडे वर. हेच काम बॅटरीने करायचे तर साडेचारशे किलोवॅट-तास हवेत आणि आजच्या बोटींतल्या बॅटऱ्यांच्या हिशेबाने त्यांचे वजन तीन टनांच्या घरात जाते. बोटीच्या निम्म्या वजनाची बॅटरी घेऊन शिडाची नौका चांगली चालत नाही. उलट दिवसभर खाडीत शिडावर फिरून संध्याकाळी धक्क्याला लागायचे असेल, तर अर्ध्या तासाला पाच किलोवॅट-तास पुरतात आणि तिथे वीजच उत्तम. कोचीची जल-मेट्रो एप्रिल २०२३पासून विजेवर धावते, ठरलेल्या धक्क्यांमध्ये, ठरलेल्या वेळी. ते काम बॅटरीसाठीच केल्यासारखे आहे. खुल्या समुद्रातल्या रात्रीचे काम तसे नाही.

पेट्रोलची आणखी एक अडचण अलीकडे वाढली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि पाणी पुरेसे झाले की त्याच्यासकट वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. रोज चालणाऱ्या दुचाकीत हे क्वचित घडते, पण महिनोन् महिने दमट हवेत उभ्या राहणाऱ्या बोटीत घडण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि बंदराबाहेर पडल्यावर इंजिन नेमके तळातले पाणी ओढते. डिझेललाही पाण्याचा त्रास आहे. पाणी आणि तेलाच्या सीमेवर जंतूंचा चिकट थर वाढतो आणि फिल्टर बुजवतो. पण त्यावरचा इलाज हाताशी असतो: टाकी भरून ठेवणे, आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या खालच्या काचेच्या वाटीत रोज बघणे. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला की वाटीखालची तोटी सैल करून तेल स्वच्छ येईपर्यंत ते सोडून द्यायचे. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा कुठल्याही बंदरात १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीनंतर शेकडो डिझेल इंजिने याच पद्धतीने पुन्हा सुरू होतात, आणि त्या इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री तिथे मिळतो. किनाऱ्याने फिरणाऱ्या हौशी नाविकाला ही सोय कुठल्याही हमीपत्रापेक्षा मोलाची आहे.

बोटीच्या डिझेलवरचे दोन आक्षेप मला खरे वाटतात. एक, मोटारीतली गाळणी आणि युरिया सहलीच्या लहान बोटींत जवळजवळ नसतेच. युरोपचे २०१६पासूनचे नियमही त्याइतके कडक नाहीत. त्यामुळे 'आधुनिक डिझेल स्वच्छ आहे' हे वाक्य मोटारीसाठी जितक्या ठामपणे म्हणता येते, तितके बोटीसाठी म्हणता येत नाही. बोट वर्षात फार थोडे तास चालते आणि बहुतेक वेळ वस्तीपासून दूर असते, हे खरे. पण गर्दीच्या मरिनात शेजारच्या बोटीवर बसलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही, आणि मोठ्या इंजिनांना तरी गाळणी लावण्याची मागणी योग्य आहे. दोन, कॉमन रेल आले की इंजिन संगणकावर अवलंबून होते. जुने डिझेल एकदा सुरू झाले की बॅटरी मेली तरी चालत राही. आता एखादा सेन्सर खाऱ्या ओलीने बिघडला, तर इंजिन स्वतःहून ताकद उतरवते. म्हणून माझे मत असे की तीस अश्वशक्तीपर्यंतच्या शिडाच्या नौकेला यांत्रिक पंपाचे साधे इंजिन अजूनही बरे, आणि अशी इंजिने आजही नवी मिळतात. त्याच्या वर, जिथे इंजिनच मुख्य आधार आहे, तिथे कॉमन रेलची काटकसर, शांतपणा आणि बिनधुराचे चालणे स्वीकारावे आणि वायरिंगची काळजी इंजिन ऑइलइतकीच घ्यावी.

शेवटचा आक्षेप असा की जमिनीतले तेल जाळणारे यंत्र कितीही काटकसरी असले तरी शेवटी जायचेच. यंत्र आणि तेल यांची अशी गाठ मारायचे कारण नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आज वापरलेले खाद्यतेल आणि चरबी यांवर हायड्रोजनची प्रक्रिया करून जे डिझेल बनते, त्याला युरोपात स्वतंत्र मानक आहे. ते साठवणीत टिकते, ओल फारशी धरत नाही आणि बऱ्याच इंजिनांत काही न बदलता ओतता येते. टाकाऊ तेलापासून बनवले तर त्याचा एकूण कार्बनभार नव्वद टक्क्यांपर्यंत कमी पडतो, असे उत्पादकांचे हिशेब सांगतात. टाकाऊ तेल जगात मोजकेच आहे, त्यावर सगळ्या मोटारी चालणार नाहीत. शहरातल्या मोटारींना वीज मिळू लागली आहे. ते तेल तिथे जाळणे म्हणजे उधळपट्टी ठरेल. ते आधी बोटींना मिळावे, कारण तिथे पर्याय सर्वांत कमी आहेत आणि खपही थोडा आहे. बोटीत नीट राखलेले डिझेल इंजिन पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. आज बसवलेले इंजिन २०५०च्या आसपास निवृत्त होईल, आणि तोवर त्याच्या टाकीत काय ओतायचे हे ठरवायला वेळ आणि वाव दोन्ही आहेत.